एक दात

रुपेर्तो मोटारसायकल ढकलतच घेऊन आला.
एस्केलच्या खडीवाटेची धूळ भुवयांपर्यंत,
मागे लसींची पेटी, दोरीने आवळलेली.
"मुठी बधिर होतात," म्हणाला, "करंगळी तर महिनाभर झोपलीय.
परवा वासरू ओढून काढत होतो गाईच्या पोटातून,
हाताला कळेचना, आपण पाय धरलाय की शेपूट."

लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मी केसवर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाशी.
आत कुणीतरी वाळू चघळत होतं.

तेल काढलं. त्यात चमक होती,
मासळी साफ केलेल्या पाण्यात असते तशी.
मॅग्नेटो पुलरला दाद देईना.
आधी ठोकला, मग शिव्या घातल्या,
मग आत जाऊन येर्बाचे दोन घोट घेतले;
परत येते तो आपणच सुटून बसलेला.

केस उघडली आणि तो दिसला, बॅलन्सर.
एका अंगाला मुद्दाम जड केलेला दांडा.
पिस्टन वर उसळला की याने खाली ओढायचं,
क्रँक उजवीकडे तर याने डावीकडे.
जन्मभर उलट वागायचं, एवढंच याचं काम,
आणि म्हणून तर गाडी एका रेषेत चालते.
त्याची दोन्ही बेअरिंगं गेलेली:
एकीच्या गोळ्यांवर देवीचे व्रण,
दुसरीचा पिंजरा तुटून तेलात.

चिंधीने गिअर पुसला
तर दातावर लाल ठिपका.
शेजारच्या गिअरवर दुसरा.
नेलपॉलिश.

अकरा वर्षांपूर्वी एक बाटली हरवली होती माझी,
चुलतबहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी.
मी मोलकरणीला बोलले, मांजराला बोलले.
ऑरेलियो तेव्हा इथेच, याच बाकावर, खाली मान घालून,
नखांतलं ग्रीस काढत बसला होता.

लाल ठिपके एकमेकांसमोर आणले.
मग भिंग लावून कारखान्याची खूण शोधली,
सुईने टोचावं इतकीशी.
ती शेजारच्या दातावर होती.

दिवा जवळ घेतला. पुन्हा मोजलं.
क्रँक फिरवून, पिस्टन वर आणून, परत.
एक दात.
चष्मा लावायला लाज वाटायची त्याला.

अकरा वर्षं हा दांडा सावरायला धावला
आणि दर फेरीला जरासा उशिरा पोचला.

नवी बेअरिंगं रात्रभर फ्रीझरमध्ये, मेंढीच्या फऱ्याशेजारी.
सकाळी केस भट्टीत ठेवली, माझ्या पावाच्या भट्टीत.
थुंकी टाकून पाहिली, चर्र झालं,
हातमोजे घालून उचलली, बेअरिंग वर धरलं, सोडलं.
टप्प.
ठोकावं लागलं नाही. कोंबडीने अंडं घालावं तसं बसलं.
(आठवडाभर पावाला पेट्रोलचा वास होता. खाल्ला.)

कारखान्याच्या खुणा जुळवल्या.
लाल ठिपके आता एकमेकांना चुकवून उभे,
भांडण होऊन एकाच घरात राहणाऱ्यांसारखे.
थिनरची बाटली हातात होती.
झाकण उघडलं, वास घेतला, परत लावलं.
मग नवं गास्केट, नवं तेल, बोल्ट आडवे-तिरपे थोडेथोडे आवळत.

दुसऱ्या किकला सुरू झाली.
टाकीवर मी पाण्याचा पेला ठेवला:
कडेला बारीकशी थरथर, बस्स.

रुपेर्तो नदीच्या पुलापर्यंत जाऊन आला.
उतरला. हात उघडले, मिटले, करंगळी हलवून पाहिली.
"छान झालीय," म्हणाला, आणि तिथेच घुटमळला.
"फक्त, ओफेलिया, ही माझी वाटत नाही गं.
आधी अंधारात नुसत्या थरथरीवरून ओळखायचो,
किती वेग झाला, कुठला गिअर आहे.
ऑरेलियोने दिली तेव्हापासून ती तशीच होती."

"सवय होईल," मी म्हटलं.
पैसे मोजले. दोनशे जास्त होते, परत केले.

तो गेला. आवाज वळणामागे लवकरच विरला,
पूर्वी टेकडीपलीकडूनही यायचा.
बाकावर जुनी बेअरिंगं पडलेली.
एक उचलून बोटात घालून फिरवलं.
खर्र. खर्र.